हे छापायचं नाही

लुंडबी, मिनेसोटा
९ ऑक्टोबर १९७६

प्रिय आर्डिस,

तुझ्या 'असं का'चं उत्तर आधी देते, नाहीतर तू म्हणशील थोरा हरली. गरम कोको ढवळायचा आणि कपाच्या बुडाशी चमच्याने टकटक करत राहायचं, की आवाज हळूहळू चढत जातो. मी सकाळभर कप बडवत बसले होते. हालवर म्हणाला, "आज चर्चची घंटा तुझ्याकडे दिलीय का?" तर उत्तर असं, की ढवळताना कोकोत हवेचे बारीक बुडबुडे जातात, तोवर आवाज जाड येतो. ते फुटत गेले की आवाज वर चढतो. बरोबर ना? शाळेपासून तू कोडी घालतेस आणि मी सोडवते, आणि नाव मात्र मिनिआपोलिसच्या पेपरात तुझं येतं. चिडवतेय गं. माझ्या मामेबहिणीचं सदर येतं हे मी चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता इतक्यांदा सांगितलंय, की बायका आता माझ्या आधीच वाक्य पुरं करतात.

आता माझं 'असं का'. पण हे खेळातलं नाही. हे छापायचंही नाही. तुला एकटीला विचारतेय, कारण दुसऱ्या कुणाला विचारण्याची सोय नाही.

गेल्या महिन्यात एका स्कंकने शेपटी उचलून आमच्या कुत्र्यावर, बस्टरवर, आपला घाणेरड्या वासाचा फवारा सोडला, तोही थेट ओसरीखाली. तुला तो वास आठवत असेल. माझ्या डोळ्यांना धार लागली, शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, आणि बर्नीस क्वाले कुत्र्याचा वास घालवायला टोमॅटोच्या रसाचे डबे घेऊन नाकाला रुमाल लावून धावत आली. हालवर ओसरीवर कॉफी पीत बसला होता. मला म्हणाला, "संध्याकाळ छान पडलीय नाही?" बर्नीसने डोळे विस्फारले. मी म्हटलं, त्याला सर्दी झालीय.

सर्दी नाही, आर्डिस. फेब्रुवारीतल्या त्या तापापासून त्याला कसलाच वास येत नाही. सहा महिने माझ्यापासून, बायकोपासूनही लपवलं त्याने. आणि तो लोणी पारखणारा आहे! सहकारी डेअरीत त्याने पेटीत सळई खुपसून लोणी नाकाशी धरलं की गावभरच्या दुधाचं भवितव्य ठरतं. कुणाच्या गायीने रानकांदा खाल्ला तेही तो सांगायचा. खायलाही नको, नुसता हुंगला तरी दुधाला वास लागतो, हे तुला मीच कळवलं होतं ना?

सध्या तो दुपारी जेवायला येतो तेव्हा डब्यातून नमुने आणतो, मेणकागदात गुंडाळून. मी हुंगते, मी चाखते, मी सांगते. तो परत जाऊन शिक्के मारतो. मी हुंगायला लागल्यापासून एकही पेटी चुकीची गेलेली नाही. पण निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत, आणि नाक गेलेला पारखी म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

तर, मीठ कळतं, साखर कळते, आणि कांदा न् सफरचंद त्याला सारखंच लागतं. असं का?

तुझी,
थोरा

•

मिनिआपोलिस
२ नोव्हेंबर १९७६

माझी थोरा,

बिचारा हालवर! आणि तू! पत्र वाचून मी रेमंडला हाक मारणार होते, मग आठवलं की कुणालाच सांगायचं नाही. नाही सांगितलं. नवऱ्यालासुद्धा नाही, बघ.

तुझ्या प्रश्नासाठी मी विद्यापीठातल्या एका डॉक्टरांना फोन केला (नाव न सांगता!). काय अद्भुत आहे हे! जिभेला ठळकपणे कळतं ते गोड, खारट, आंबट आणि कडू. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सगळं नाकाचं काम. तू नाक घट्ट दाबून आधी सफरचंद चाव आणि मग कच्चा बटाटा. मी केलं. फरक करता येईना! रेमंडला वाटलं मला वेड लागलं.

पण हॉर्सरॅडिशची झणझणीत मुळी त्याला झोंबत असेल, पेपरमिंट गार लागत असेल. ती वेगळी नस आहे म्हणे, तिचा वासाशी संबंध नाही. विचारून बघ. आणि मला सगळं लिही. जेवताना तो काय करतो? कॉफी त्याला कशी लागते? स्वप्नात वास येतो का? घरातलं काय चुकल्यासारखं वाटतं? डॉक्टर म्हणतात अशी नाकं कधी कधी परत येतात, म्हणून बारीकसारीक सगळं कळायला हवं.

इथे बरं नाही चाललं. संपादक म्हणतात माझं सदर शिळं झालंय, वाचकांना कप न् चमचे नकोत, 'जिवंत माणूस' हवाय. मी जिवंत माणूस आणायचा कुठून? तुमच्या चर्चमधल्या अंड्याच्या कॉफीवर लिहून झालं, गाणाऱ्या बर्फाच्या तळ्यावर लिहून झालं. असो. माझं रडगाणं पुरे.

लवकर लिही. सगळं लिही.

तुझी आर्डिस

•

लुंडबी
५ डिसेंबर १९७६

प्रिय आर्डिस,

हॉर्सरॅडिश झोंबलं! चमचाभर तोंडात टाकून माणूस डोळ्यांतून पाणी गाळत हसत बसला. आता भाजलेल्या मांसाबरोबरही तेच, उकडलेल्या बटाट्याबरोबरही तेच. टोस्ट आवडतो, कुरकुरतो म्हणून. कॉफीला म्हणतो गरम कडू पाणी, पण पिणं सोडलेलं नाही. मीठ इतकं घालतो की मी मिठाची बाटली लपवते. स्वप्नाचं विचारलं तर म्हणाला, "एकदा आला होता. आईच्या कोठारातल्या गवताचा." आणि उठून बस्टरला फिरवायला गेला.

तू विचारलंस म्हणून बरं वाटलं गं. इथे कुणाशी बोलायची सोय नाही. बोलायला लागले की थांबवत नाही, म्हणून आणखी एक सांगते. हे तर मुळीच छापायचं नाही.

शनिवारी मी केस धुते आणि स्वयंपाकघरात चुलीशी पाठ करून सुकवत बसते. लग्न झाल्यापासून हालवर मागून येतो, केसांवर वाकतो आणि म्हणतो, "ताज्या सायीचा वास." त्याच्याकडून एवढंच. आमच्याकडचे पुरुष तुला ठाऊक आहेत, याहून जास्त बोलले तर आजारी पडतील. नाक गेल्यावरही त्याने हे सोडलं नाही. दर शनिवारी येतो, वाकतो, म्हणतो.

मागच्या महिन्यात डोक्याला खाज सुटली म्हणून मी डांबराच्या साबणाने केस धुतले. अख्खं घर नव्या रस्त्यासारखं घमघमत होतं. हालवर आला, वाकला, म्हणाला, "ताज्या सायीचा वास." मी म्हटलं, "हो का?" आणि त्याचा हात खांद्यावर होता तो धरून ठेवला. त्याला साबणाचं मी कधीच सांगणार नाही.

बटाटा न् सफरचंद मीही केलं. डोकं चक्रावलं.

तुझी,
थोरा

•

मिनिआपोलिस
१६ जानेवारी १९७७

माझी थोरा,

घाईत लिहितेय. नाताळात पाहुण्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि सदरालाही अचानक बरे दिवस आलेत. संपादक जिन्यात थांबून हात मिळवतात! पत्रांचा पाऊस पडतोय. या वेळी कात्रण पाठवत नाही, तुझ्या उपयोगाचं त्यात काही नव्हतं. तुमच्याकडे आमचा पेपर तसाही फारसा कुणी घेत नाही ना?

हालवरला हॉर्सरॅडिशची मोठी बरणी पाठवलीय. माझ्याकडून सांग.

'असं का': कडाक्याच्या थंडीत बर्फावर पाय दिला की तो करकरतो आणि थंडी कमी असली की गप्प राहतो. उत्तर सोपं आहे, तुला सुट्टी देतेय!

आर्डिस

•

लुंडबी
८ फेब्रुवारी १९७७

आर्डिस,

बर्फ थंड असला की पायाखाली वितळत नाही, त्याचे कण मोडतात, म्हणून करकरतो. घे तुझं उत्तर.

बर्नीसची मुलगी मिनिआपोलिसला असते. तिने आईला पेपर पाठवला, वर लिहिलं, थोराच्या बहिणीचं सदर आहे, तिला दाखव. बर्नीसला वाटलं मला आनंद होईल. रविवारच्या प्रार्थनेनंतर तळघरात सगळ्यांची कॉफी चालू असताना ती उभी राहिली आणि मोठ्याने वाचायला लागली. "ऐका गं, नाक नसलेला लोणी पारखणारा!" सगळ्या खिदळल्या. मीही हसायला तोंड उघडलं होतं. मी किटली घेऊन उभी होते, आर्डिस.

तू त्याला 'श्री. ज.' केलंस. गाव दक्षिणेला नेलंस. केवढी काळजी घेतलीस! आणि स्कंक तसाच ठेवलास. ओसरी ठेवलीस, कॉफीचा कप ठेवलास, "संध्याकाळ छान पडलीय" ठेवलंस, मेणकागदातले नमुने ठेवलेस, टोमॅटोचा रस ठेवलास. बर्नीस त्या ओळीवर आली आणि तिचा आवाज खाली गेला. ते डबे तिने स्वतः आणून दिले होते. ती थांबली असती तर बरं झालं असतं, पण ती भांबावून वाचतच गेली आणि केसांपर्यंत पोचली. "बिचाऱ्याला ठाऊकही नाही, की तो ज्याला साय म्हणतो ते डांबर आहे." हे तुझं वाक्य. चांगलं जमलंय. तळघरात कुणी चमचाही वाजवला नाही.

हालवर दारापाशी कोट घालत होता.

आम्ही घरी आलो. दारात बूट झटकताना म्हणाला, "डांबराचा साबण होता?" मी हो म्हटलं. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी डेअरीच्या मॅनेजरने, एल्डनने, त्याला आत बोलावलं. एल्डन वाईट माणूस नाही, पण लोणी बाहेरच्या राज्यांत जातं, त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. आता हालवर दुधाचे कॅन धुतो. आणि एल्डनने मला बोलावून विचारलं, नाक तुमचंच होतं तर तुम्हीच या ना. मी म्हटलं, नवऱ्याच्या जागेवर मी बसणार नाही.

हालवर दुपारी जेवायला येत नाही. डबा नेतो. मी कुणाला सांगितलं हे त्याने विचारलं नाही, विचारायची गरजच नव्हती. शनिवारी मी केस धुतले तर तो मागच्या दाराने बाहेर गेला आणि काळोख पडेपर्यंत अंगणातला बर्फ उपसत बसला. उपसायला काही उरलंही नव्हतं.

मी दोनदा लिहिलं होतं, छापायचं नाही. दोनदा.

थोरा

•

मिनिआपोलिस
१४ फेब्रुवारी १९७७

थोरा, माझी थोरा,

काय लिहू? मी रडतेय. नाव बदललं, गाव बदललं, मला वाटलं पुरे झालं. स्कंक तर मिनेसोटात घरोघर येतात! त्यावरून कुणी ओळखेल असं स्वप्नातही वाटलं नाही.

संपादकांनी महिन्याची मुदत दिली होती गं. तुझं पत्र टेबलावर होतं. मी म्हटलं नुसतं लिहून बघते, देणार नाही. आणि लिहून झाल्यावर... थोरा, मी आजवर लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं आहे. लोकांनी ते कापून फ्रिजवर लावलंय. नाक गेलेल्या माणसांची पोतंभर पत्रं आलीत, ती म्हणतात आम्हाला वाटायचं आम्ही एकटेच. याला काहीच किंमत नाही का? आणि रागावू नकोस, पण एक दिवस हे बाहेर आलंच असतं. डेअरीला फसवणं बरोबर होतं का?

ते विद्यापीठातले डॉक्टर हालवरला तपासायला तयार आहेत. दोघं या, माझ्याकडेच राहा. मी त्याच्यापुढे कान धरीन. असं पुन्हा कधी होणार नाही, आईची शपथ.

तुझीच आर्डिस

•

लुंडबी
१० एप्रिल १९७७

प्रिय आर्डिस,

मध्ये बरेच दिवस गेले. तळ्यावरचा बर्फ फुटला, माझाही राग थोडा फुटला म्हण. शाळेपासूनचं नातं एका स्कंकपायी तोडायचं का? हालवरही म्हणतो, झालं गेलं सोडून दे.

म्हणून समेटाची खूण म्हणून तुला एक गोष्ट देते. आपल्या आजीची. तळघरातली अंड्याची कॉफी आमच्याच चर्चची इतकी निवळ का होते, हे बाहेर कुणाला ठाऊक नाही. सगळे कॉफीच्या पुडीत अंडं टरफलासकट चुरतात, उकळतात, वरून गार पाणी ओततात. पण आजी फक्त तपकिरी अंडंच घ्यायची. पांढऱ्याने गाळ बसतो, कडूपणा तसाच राहतो. तपकिरी टरफलातला रंग कडूपणा ओढून घेतो म्हणे. तू लहानपणी वर पियानोपाशी असायचीस, स्वयंपाकघरात कधी आली नाहीस, म्हणून तुला हे ठाऊक नसणार.

आर्डिस, हे छापायचं नाही. पलीकडच्या चर्चच्या बायका वर्षानुवर्षं या गुपिताच्या मागे आहेत. हे तुझ्यामाझ्यात राहू दे. राहील ना?

तुझी,
थोरा

•

मिनिआपोलिस
२४ मे १९७७

थोरा,

माझी नोकरी गेली. समाधान झालं?

सगळ्या राज्यातल्या चर्चच्या बायका माझ्यावर तुटून पडल्यात! त्यांनी दोन-दोन किटल्या मांडल्या, एकीत पांढरं, एकीत तपकिरी, आणि पाद्रीबाबांना डोळे बांधून पाजलं. काडीचा फरक नाही म्हणतात. एकीने लिहिलंय, "बाईंनी आयुष्यात कॉफीची किटली तरी उचललीय का?" विद्यापीठाच्या त्या डॉक्टरांनीसुद्धा हसून फोन ठेवला. संपादक म्हणाले, कुठून आणलंत हे? आजीकडून म्हटलं. त्यांनी सदर एका पोराच्या हवाली केलं.

आजीच्या नावावर खोटं बोललीस. मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता, थोरा! आपल्या माणसाने पाठीत असा सुरा खुपसला की काय होतं ते तुला कळायचं नाही.

आर्डिस

•

लुंडबी
२९ मे १९७७

आर्डिस,

कळतं.

तपकिरी अंडं आजीचं नव्हतं, हालवरचं होतं. फेब्रुवारीतलं तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं, शपथेसकट. तो बराच वेळ बस्टरचे कान खाजवत बसला. मग म्हणाला, "तिला आणखी एक गुपित दे. कुणाचं काही बिघडणार नाही असं. सांभाळलं, तर मी तुझ्याबरोबर मिनिआपोलिसला येतो, त्या डॉक्टरांना नाक दाखवतो आणि तिच्या टेबलावर जेवतो." महिन्याभरातलं त्याचं ते सगळ्यात लांब बोलणं.

आम्ही स्वयंपाकघरात बसून खोटं रचलं. मी म्हटलं चांदीचा चमचा घालू, तो म्हणाला ते आर्डिसलाही पटणार नाही, अंड्याचा रंग बघ. आणि हसायला लागला. मला तू सांग, मी काय करायला हवं होतं? मीही हसले.

पण तुला एक कळू दे. तू छापशील म्हणून आम्ही ते लिहिलं नव्हतं. मी पैज लावली होती, तुझ्या बाजूने. रोज पेपर बघायचा आणि तपकिरी अंडं दिसलं नाही की हालवरला सांगायचं, बघ, आजही नाही. मी बर्नीसला सांगून तिच्या मुलीकडून पेपर मागवत होते. एप्रिल गेला, अर्धा मे गेला. बॅगा कुठल्या न्यायच्या ते मी ठरवलं होतं. तुला आवडतात त्या बटाट्याच्या पोळ्या, आपले लेफ्से, लाटून फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या.

मग अंडं आलं. "माझ्या आजीचं जपून ठेवलेलं गुपित, आज पहिल्यांदाच." मी पेपर हालवरपुढे ठेवला. त्याने वाचला आणि त्याची घडी घातली. "बाई, तू हरलीस," म्हणाला, पण जिंकल्यासारखं काही म्हणाला नाही. तू पहिल्यांदा छापलंस तेव्हा मी स्वतःला समजावत होते, की तिचा गळा धरला असेल, तिला दुसरा रस्ता नसेल. या वेळी तुझा गळा कुणी धरला होता? एका अंड्यासाठी, आर्डिस! मी तुला इतकं सोपं दिलं होतं.

नोकरी गेल्याचं वाईट वाटलं. खरंच वाटलं, शाळेपासूनची सवय अशी एका दिवसात जात नाही. तुझ्या बरणीतलं हॉर्सरॅडिश मात्र संपलं, ते चांगलं होतं.

खाली 'असं का' शोधू नकोस, नाहीये. यापुढे तुला काही विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही.

काल शनिवार होता. मी केस धुतले आणि चुलीशी पाठ करून बसले. साबण कुठला होता, हालवर मागच्या दाराने गेला की आत आला, आणि आत आला असेल तर काय म्हणाला, हे तुला कधीच कळणार नाही.

थोरा